यंत्रांची गर्दी आणि मोबाइल जाळ्याचे प्रवेशद्वार : एक विश्लेषणात्मक अभ्यास

गोषवारा :
वीजमीटर, वाहनांवरील मागोवा-उपकरणे, पाणीपुरवठ्याचे पंप, दुकानांतील कार्डयंत्रे अशी असंख्य यंत्रे आज मोबाइल जाळ्याला जोडली जात आहेत. यंत्रांची संख्या वाढली म्हणजे जाळे अपुरे पडणार, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अडचण संख्येपेक्षा एकाच क्षणी होणाऱ्या गर्दीतून निर्माण होते. प्रस्तुत लेखात मोबाइल जाळ्यात प्रवेश मिळविण्याची पद्धत, त्यातील टकरीचे गणित आणि त्यावर योजलेले उपाय यांचे विवेचन केले आहे. स्मार्ट वीजमीटरच्या उदाहरणावरून या उपायांची उपयुक्तता व मर्यादा तपासली आहे.

बीजशब्द : यादृच्छिक प्रवेश, टक्कर, प्रवेश-निर्बंध, स्मार्ट मीटर, एनबी-आयओटी

१. प्रस्तावना

मोबाइल जाळ्याची मूळ रचना माणसासाठी झाली. माणूस दिवसातून काही वेळा बोलतो, प्रत्येक वेळी काही मिनिटे बोलतो आणि निरनिराळी माणसे निरनिराळ्या वेळी बोलतात. दूरध्वनी अभियांत्रिकीचे सारे आडाखे या स्वभावावर बेतलेले होते. यंत्राचा स्वभाव मात्र याच्या उलट आहे. ते दिवसभर गप्प असते, अधूनमधून काही मोजक्या बाइटांचा निरोप पाठविते आणि पुन्हा गप्प होते. शिवाय एकाच बनावटीची हजारो यंत्रे एकाच आज्ञावलीनुसार चालत असल्याने ती एकाच वेळी बोलू लागण्याचा संभव फार मोठा असतो.

अशा जोडण्यांची दखल शासन पातळीवरही घेतली गेली. भारताच्या दूरसंचार विभागाने २०१५ मध्ये यंत्र-ते-यंत्र दळणवळणाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि २०१८ पासून अशा जोडण्यांसाठी १३ अंकी क्रमांक देण्यास प्रारंभ झाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ मध्ये पाचव्या पिढीच्या जाळ्यासाठी एका चौरस किलोमीटरमध्ये १० लाख यंत्रे सामावून घेण्याची अपेक्षा नोंदविली.

१० लाख हा आकडा छाती दडपविणारा वाटतो. परंतु संघाच्या मूल्यमापनात धरलेल्या एका गृहीतकानुसार प्रत्येक यंत्र दोन तासांतून एकदाच ३२ बाइटांचा निरोप पाठविते. दोन तास म्हणजे ७२०० सेकंद. सर्व निरोप सारखे विखुरले गेले, तर दर सेकंदाला सुमारे १३९ निरोप येतात. एवढा भार आजच्या जाळ्याला मुळीच जड नाही. मग अडचण नेमकी कोठे आहे, हा प्रश्न या लेखाच्या मुळाशी आहे.

२. उद्दिष्टे

१) मोबाइल जाळ्यात प्रवेश मिळविण्याच्या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) एकाच वेळी होणाऱ्या गर्दीचा प्रवेशावर होणारा परिणाम गणिताच्या आधारे मांडणे.
३) उपलब्ध उपायांची तुलना करून स्मार्ट मीटरच्या संदर्भात त्यांचा विचार करणे.

३. प्रवेशाची रीत

ज्याचा मनोऱ्याशी अद्याप संबंध जुळलेला नाही, त्या उपकरणाला मनोरा वेळ राखून देऊ शकत नाही, कारण त्याला बोलायचे आहे हेच मनोऱ्याला ठाऊक नसते. म्हणून पहिली हाक उपकरणाने स्वतःहून, कोणालाही न विचारता द्यावी लागते. या पद्धतीला यादृच्छिक प्रवेश असे म्हणतात.

तिचा उगम हवाई विद्यापीठात झाला. तेथे नॉर्मन अब्रॅमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या बेटांवरील संगणक-जोडण्यांसाठी 'अलोहा' नावाचे रेडिओ जाळे उभारले व ते १९७१ मध्ये कार्यान्वित झाले. त्यातील नियम साधा होता. निरोप असेल तेव्हा पाठवावा, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा पाठवावा. या पद्धतीत माध्यमाचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होतो. पुढे लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडून प्रत्येक निरोप तुकड्याच्या आरंभीच पाठवावा असे सुचविले, तेव्हा ही मर्यादा दुप्पट म्हणजे सुमारे ३७ टक्के झाली. आजच्या मोबाइल जाळ्याचे प्रवेशद्वार याच तत्त्वावर उभे आहे.

चौथ्या पिढीच्या एलटीई जाळ्यात प्रवेशाच्या चार पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उपकरण ६४ प्रवेशसंकेतांपैकी एक संकेत निवडून पाठविते. या संकेतांना प्रिअँबल म्हणतात. त्यांची गणिती रचना अशी असते की एकाच क्षणी आलेले दोन भिन्न संकेत मनोरा वेगळे ओळखू शकतो. दुसऱ्या पायरीवर मनोरा त्या संकेताला उत्तर देतो आणि पुढचा निरोप कोणत्या जागी, कोणत्या वेळी पाठवावा हे कळवितो. तिसऱ्या पायरीवर उपकरण आपली ओळख सांगून जोडणीची मागणी करते. चौथ्या पायरीवर मनोरा ती ओळख मान्य करतो.

दोन उपकरणांनी एकच संकेत निवडला तर मनोऱ्याला बहुधा एकच हाक ऐकू येते. तो एकच उत्तर देतो. दोन्ही उपकरणे ते उत्तर आपलेच समजतात आणि एकाच जागी आपापली ओळख पाठवितात. टक्कर खऱ्या अर्थाने येथे घडते, आणि ती झाल्याचे उपकरणांना चौथी पायरी निष्फळ ठरल्यावरच कळते. तोपर्यंत मनोऱ्याने दिलेली जागा व उपकरणाची ऊर्जा दोन्ही वाया गेलेली असतात.

४. टकरीचे गणित

६४ पैकी काही संकेत एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या चालू जोडण्यांसाठी राखून ठेवले जातात. प्रमाणसंस्थांच्या अभ्यासांत उरलेले ५४ संकेत सर्वांसाठी खुले असल्याचे धरले जाते. एका संधीला 'क्ष' उपकरणांनी हाक दिली, तर एखाद्या उपकरणाचा संकेत इतर कोणीही न निवडण्याची शक्यता ५३/५४ या अपूर्णांकाच्या (क्ष − १) घाताइतकी असते. त्यावरून पुढील आकडे मिळतात.

हाक देणारी उपकरणे १० : टकरीविना सुटणारी सुमारे ८
हाक देणारी उपकरणे ५४ : टकरीविना सुटणारी सुमारे २०
हाक देणारी उपकरणे १०० : टकरीविना सुटणारी सुमारे १६
हाक देणारी उपकरणे २०० : टकरीविना सुटणारी सुमारे ५

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. सामान्य रस्त्यावर गर्दी वाढली की वाहने हळू जातात, पण जातात. येथे मात्र ठरावीक मर्यादेपलीकडे हाका वाढल्या की प्रवेश मिळविणाऱ्यांची प्रत्यक्ष संख्याच घटते. २०० उपकरणांनी एकदम हाक दिली तर ५ देखील सुखरूप सुटत नाहीत. उरलेली १९५ पुन्हा प्रयत्न करतात आणि तोवर नवी उपकरणे त्यांत मिसळतात. अपयशातून गर्दी आणि गर्दीतून अपयश असे चक्र सुरू होते.

५. संख्या तीच, वेळ निराळी

मोबाइल जाळ्यांची प्रमाणे ठरविणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०११ च्या आपल्या तांत्रिक अहवालात या प्रश्नाची संगणकीय तपासणी केली. दर ५ मिलिसेकंदांनी प्रवेशाची एक संधी, म्हणजे सेकंदाला २०० संधी, असे त्यात धरले होते. एका मनोऱ्याच्या कक्षेतील ३०,००० यंत्रे दोन प्रकारे हाक देतात असे मानले गेले. पहिल्या प्रकारात ती ६० सेकंदांत सारखी विखुरलेली होती. दुसऱ्या प्रकारात ती १० सेकंदांत, मध्ये फुगीर असलेल्या वितरणानुसार, एकवटलेली होती.

पहिल्या प्रकारात टकरीची शक्यता अवघी ०.२२ टक्के आढळली व सर्व यंत्रांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या प्रकारात टकरीची शक्यता ४७.७६ टक्क्यांवर गेली आणि केवळ २९.५ टक्के यंत्रांना प्रवेश मिळाला. यंत्रे तितकीच, मनोरा तोच, संकेतही तेच. फरक फक्त वेळेचा होता.

याचे कारण साध्या हिशेबाने समजते. ६० सेकंदांत विखुरलेल्या ३०,००० यंत्रांपैकी प्रत्येक संधीला सरासरी अडीच नव्या हाका येतात. १० सेकंदांत एकवटलेल्या यंत्रांच्या बाबतीत सरासरी १५ आणि गर्दीच्या शिखरावर सुमारे ३१ नव्या हाका प्रत्येक संधीला येतात. पुनःप्रयत्न त्याहून निराळे. त्यातच अहवालातील गृहीतकांनुसार मनोरा एका संधीमागे जास्तीत जास्त १५ जणांनाच उत्तर देऊ शकतो. संकेत न आदळताही उत्तराअभावी कित्येकांना परत फिरावे लागते.

मराठी माणसाला हे तत्त्व पंगतीवरून सहज उमगावे. पाचशे पाहुण्यांना एकदम बसविण्याइतका मांडव सहसा कोणाकडेच नसतो. पंगती लावल्या की तोच मांडव पुरतो. मांडव वाढविणे हा उपाय खर्चिक, तर पंगत लावणे हा उपाय व्यवस्थेचा आहे.

६. स्मार्ट मीटर : एक उदाहरण

केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या, आरडीएसएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वीज वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रातही महावितरणने व मुंबईतील वितरण संस्थांनी असे मीटर बसविण्यास सुरुवात केली. यांपैकी काही मीटर थेट मोबाइल जाळ्यावर बोलतात, तर काही आपापसांत रेडिओ-साखळी करून एका मध्यस्थ उपकरणामार्फत बोलतात.

समजा, एका मनोऱ्याच्या कक्षेत १०,००० मीटर थेट जोडलेले आहेत आणि प्रत्येकाने दर पंधरा मिनिटांनी एक निरोप पाठवावयाचा आहे. ते विखुरलेले असतील तर सेकंदाला ११ निरोप येतील. सेकंदाला २०० संधी असताना हा भार नगण्य होय. पण मीटरची घड्याळे अचूक जुळविलेली असतात, कारण वीजआकारणीसाठी ती तशी असावीच लागतात. पंधराव्या मिनिटाच्या ठोक्याला निरोप पाठवावा अशी आज्ञा असेल, तर दहा हजारही मीटर एकाच क्षणी दार ठोठावतील. घड्याळाची अचूकता हा येथे गुण न राहता दोष ठरतो.

याहून बिकट प्रसंग वीज जाण्याचा आहे. वीजपुरवठा खंडित होताच मीटरने आपल्या अंतर्गत साठ्याच्या बळावर शेवटचा एक निरोप पाठवावा, अशी सोय अनेक स्मार्ट मीटरमध्ये असते. पुरवठा परत आल्यावर दुसरा निरोप जातो. एखादी वीजवाहिनी बंद पडली की तिच्यावरील सर्व मीटर एकाच सेकंदात हाक देतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसरात झालेल्या व्यापक वीजखंडासारख्या घटनेत ही गर्दी शहरातील अगणित मनोऱ्यांवर एकदम कोसळू शकते.

नेमक्या याच वेळी माणसेही फोन उचलतात. कोणी उद्वाहनात अडकलेला असतो, कोणाच्या घरी प्राणवायूचे यंत्र बंद पडलेले असते. ११२ क्रमांक लावणाऱ्या माणसाचा मोबाइल आणि तळघरातील मीटर एकाच जाळ्यावर असतील, तर दोघांना त्याच ५४ संकेतांमधून वाट काढावी लागते. म्हणून प्रवेशद्वाराचा प्रश्न केवळ तांत्रिक कार्यक्षमतेचा न राहता सार्वजनिक सुरक्षिततेचा बनतो.

७. उपाययोजना

७.१ प्रवेश-निर्बंध : एलटीईमध्ये मनोरा ० ते ०.९५ या दरम्यानचा एक अंक जाहीर करतो. उपकरण स्वतःशी ० ते १ मधील एक यादृच्छिक संख्या काढते. ती जाहीर अंकापेक्षा लहान असेल तरच हाक देता येते, अन्यथा थांबावे लागते. थांबण्याचा पायाभूत काळ ४ ते ५१२ सेकंद असतो आणि प्रत्येक उपकरण त्याला सुमारे ०.७ ते १.३ मधील यादृच्छिक संख्येने गुणते, जेणेकरून थांबलेली सर्व उपकरणे पुन्हा एकदम जागी होऊ नयेत. दाराशी ५४० उपकरणे असतील व जाहीर अंक ०.१ असेल, तर सरासरी ५४ उपकरणेच हाक देतील व त्यांतील सुमारे २० टकरीविना सुटतील. अंक योग्य निवडणे हीच यातील खरी कसोटी आहे, कारण दाराशी किती जण उभे आहेत हे मनोऱ्याला थेट दिसत नाही. यशस्वी, आदळलेल्या व रिकाम्या संकेतांवरून त्याला अंदाज बांधावा लागतो.

७.२ यंत्रांसाठी वेगळा निर्बंध : वरील पद्धत माणूस व यंत्र असा भेद पुरेसा करीत नाही. २०१२ च्या अकराव्या आवृत्तीत थ्रीजीपीपीने विस्तारित प्रवेश-निर्बंध आणला. सामान्य सिमकार्डे ० ते ९ अशा दहा वर्गांत विभागलेली असतात. गर्दीच्या वेळी विलंब सोसू शकणाऱ्या यंत्रांचे काही वर्ग पूर्ण रोखून धरता येतात व वर्ग आळीपाळीने मोकळे करता येतात. माणसांच्या मोबाइलला याची झळ लागत नाही. यंत्रांच्या पंगती लावण्याची ही अधिकृत व्यवस्था होय.

७.३ दीर्घ विसावा : टक्कर झाल्यावर उपकरणाने किती थांबावे हेही महत्त्वाचे आहे. एलटीईत हा विसावा कमाल ९६० मिलिसेकंदांचा होता. तो माणसाच्या उतावीळपणाला साजेसा होता, पण हजारो यंत्रांना पांगविण्यास अपुरा होता. यंत्रांसाठीच्या एनबी-आयओटी तंत्रात तो सुमारे ५२४ सेकंदांपर्यंत वाढविता येतो.

७.४ स्वतंत्र दार : २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या तेराव्या आवृत्तीत एनबी-आयओटी हे अरुंद पट्ट्याचे तंत्र आले. १८० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३.७५ किलोहर्ट्झचे कमाल ४८ उपमार्ग प्रवेशासाठी देता येतात. यंत्रांचे दारच वेगळे झाल्याने माणसांच्या संकेतांवरील ताण हलका होतो. तळघरातील मीटरसाठी प्रवेशसंकेत १२८ वेळांपर्यंत पुन्हा पुन्हा पाठविण्याची सोय आहे. मात्र ज्याला वारंवार हाक द्यावी लागते तो दार अधिक काळ अडवून ठेवतो, ही त्याची किंमत होय.

७.५ पायऱ्या कमी करणे : काही बाइटांच्या निरोपासाठी चार पायऱ्या चढून मग जोडणी उभारणे व मोडणे हा अपव्यय आहे. २०१८ च्या पंधराव्या आवृत्तीत तिसऱ्या पायरीवरच निरोप पाठविण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सोळाव्या आवृत्तीत पाचव्या पिढीच्या जाळ्यासाठी दोन पायऱ्यांचा प्रवेश आला. यामुळे प्रत्येक निरोपाचा खर्च घटतो. परंतु पहिल्या हाकेची टक्कर टळत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

७.६ टकरीतून निरोप वाचविणे : २००७ नंतरच्या संशोधनाने टक्कर म्हणजे सर्वनाश या समजुतीला छेद दिला. प्रत्येक निरोपाच्या दोन वा अधिक प्रती निरनिराळ्या तुकड्यांत पाठवाव्यात. त्यांतील एक जरी स्पष्ट ऐकू आली, तरी तिच्या आधारे दुसऱ्या तुकड्यातील प्रत वजा करता येते व तेथे आदळलेला दुसरा निरोप मोकळा होतो. उपग्रह दळणवळणात रुजलेल्या या पद्धतीने ३७ टक्क्यांची मर्यादा ओलांडता येते. मनोऱ्यावरील गणनेचा भार मात्र वाढतो.

७.७ यंत्रांची शिस्त : सर्वांत स्वस्त उपाय यंत्राच्या आज्ञावलीतच आहे. मोबाइल सेवादात्यांच्या जीएसएमए या संघटनेने २०१४ पासून प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत यंत्रांनी ठरावीक घटकेला एकदम जोडणी करू नये, वेळा विखुराव्यात आणि अपयशानंतर उत्तरोत्तर अधिक थांबावे असे सुचविले आहे. मोजणी अचूक घटकेला करावी व पाठवणी यादृच्छिक विलंबाने करावी, एवढा एक बदल दहा हजार मीटरची गर्दी सेकंदाला अकरा निरोपांवर आणू शकतो.

८. चर्चा

वरील बहुतेक उपायांचे सार 'थांबा आणि विखुरा' असे आहे. दैनंदिन नोंदीसाठी ते पुरेसे आहे. वीज परत आल्याच्या निरोपासाठीही ते चालते, कारण तेव्हा मीटरला वीज मिळत असते व तो काही मिनिटे थांबू शकतो. वीज गेल्याच्या निरोपाला मात्र ही मात्रा लागू पडत नाही. मीटरमधील साठा अल्पकाळच पुरतो. त्याला ५१२ सेकंद थांबण्यास सांगणे म्हणजे गप्प बसण्यास सांगणे होय.

येथे वेळ विखुरण्याऐवजी हाकाच कमी कराव्या लागतात. एका रोहित्रावरील शंभर मीटरनी वीज गेल्याचे सांगितले काय आणि पाचांनी सांगितले काय, वितरण कार्यालयाला मिळणारी माहिती जवळपास सारखीच असते. म्हणून रोहित्रावरील मीटरने सर्वांच्या वतीने बोलावे, किंवा प्रत्येक मीटरने ठरावीक शक्यतेनेच बोलावे, अशी योजना अधिक शहाणपणाची ठरते. मध्यस्थ उपकरणामार्फत चालणाऱ्या रेडिओ-साखळीत मोबाइल दारावरील हाका आपोआप घटतात. परंतु तेथे मध्यस्थालाच पर्यायी वीज नसेल, तर सारा परिसर मुका होतो.

यावरून स्पष्ट होते की, या प्रश्नाची जबाबदारी एकट्या मोबाइल कंपनीची नाही. मनोरा निर्बंध लादू शकतो. पण कोणता निरोप तातडीचा, कोणता थांबू शकतो आणि कोणता पाठविण्याची गरजच नाही, हे वितरण संस्था व मीटरची आज्ञावली लिहिणारेच ठरवू शकतात. मीटरखरेदीच्या निविदेत मीटरच्या अचूकतेइतकेच त्याच्या जाळ्यावरील वर्तनाचे निकष असणे म्हणूनच आवश्यक आहे. एकदा भिंतीवर बसलेला मीटर पुढे अनेक वर्षे तेथेच राहतो आणि त्याची सवय नंतर बदलणे अवघड असते.

९. निष्कर्ष

१) यंत्रांच्या प्रचंड संख्येमुळे पडणारा सरासरी भार अल्प असतो. संकट उद्भवते ते एकाच क्षणी होणाऱ्या प्रवेशाच्या मागणीमुळे.
२) यादृच्छिक प्रवेशात मर्यादेपलीकडे हाका वाढल्यास यशस्वी प्रवेशांची संख्या घटते. म्हणून दाराबाहेर थांबविणे हे सर्वांच्याच हिताचे असते.
३) प्रवेश-निर्बंध, दीर्घ विसावा, स्वतंत्र पट्टा व कमी पायऱ्या हे उपाय परस्परपूरक आहेत. त्यांपैकी कोणताही एक उपाय सर्व प्रसंगांना पुरत नाही.
४) थांबू शकणारे निरोप विखुरावेत आणि थांबू न शकणारे निरोप संख्येने कमी करावेत, हा भेद यंत्रांची आज्ञावली लिहितानाच केला गेला पाहिजे.
५) माणसाच्या आणीबाणीच्या हाकेला यंत्रांच्या गर्दीत वाट मिळेल याची हमी हा अशा प्रत्येक योजनेचा पहिला निकष असावा.